पाच मिनिटं नाक दाबून

...आणि अभिनंदन माझं कशाला करता, हेच मी मंगळवारपासून फोनवर सांगतोय, पण ऐकतो कोण? मंगळवार अगदी साधा. मी वर्कशॉपमध्ये रबरी नळ्या धुऊन दोरीवर वाळत घालत होतो, आणि फोन आला की गुहेत उतरलेले चौघंही तळ गाठून वर आले, धडधाकट, तुमच्याच यंत्रावर! मी म्हटलं, बरं झालं. आणि पुढची नळी वाळत घातली. दुसरं काय करणार? जिला हाक मारून सांगायचं ती गेली, त्याला आता वर्ष होईल...

तर तुम्हाला सांगतो, हे यंत्र म्हणजे रीब्रीदर. पाण्यानं भरलेल्या गुहेत तासन्‌तास खोल जायचं तर साधी हवेची टाकी पुरत नाही, म्हणून आपणच सोडलेला श्वास चुन्याच्या दाण्यांच्या डब्यातून गाळायचा, थोडा प्राणवायू मिसळायचा आणि परत आत ओढायचा. सासूबाई खूश, जावई श्वाससुद्धा वाया घालवत नाही! पण पाण्यात शिरण्याआधी खुर्चीत बसून पाच मिनिटं त्यातून श्वास घेऊन बघावा लागतो. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर एकानं चेहऱ्यावर नजर ठेवायची, कारण हवा बिघडली की माणूस आधी खुळावतो, आणि खुळावलेल्याला ते कळत नाही. समोर कोण बसणार? ही बसली. म्हणे, नाक दाबलं की तोंड उघडतं... इथे नाक दाबलेलं, तोंड बुजलेलं आणि समोर बायको! मला बोलायची सोय नाही.

डोकं ठिकाणावर आहे का हे बघायला प्रश्न विचारायचे, मी बोटांनी उत्तर द्यायचं. दुसरं कोणी विचारलं असतं, दोन आणि तीन किती. हिनं विचारावं, "मोरीतला नळ किती महिने गळतोय?" मी चार बोटं. "दुरुस्त करतो असं किती वेळा म्हणालात?" मी दोन्ही पंजे. वीस वर्षांच्या संसारात ऐकून घेतलं नाही तेवढं त्या खुर्चीत ऐकलं, कारण मला बोलायची सोय नाही!

आणि एक दिवस काय झालं, तिचा भाऊ आला होता, त्याच्यासमोर मी बोलून गेलो, "हिला काय कळतं यंत्रातलं?" हसण्यावारी हो! तिनं जेवण वाढलं, आणि वाढताना भांड्याचा आवाजसुद्धा केला नाही... लग्न झालेल्यांना कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत, नाकाला चिमटा. दुसऱ्या मिनिटाला तिनं विचारलं, "काल चूक कोणाची?"

मी बोट स्वतःकडे केलं.

तशी ही ताडकन उठली आणि नळी माझ्या तोंडातून अशी खेचली की पुढचा दात अजून हलतो. म्हणाली, "हा माणूस शुद्धीवर नाही." यंत्र उघडलं तर चुन्याचा डबा रिकामा! मीच भरायचा विसरलो होतो, पंचवीस वर्षं हेच काम करणारा मी. आणखी थोडा वेळ गेला असता तर खुळ्यासारखा हसत अंगणातल्या चाचणीच्या पाण्याच्या टाकीत उतरलो असतो, आणि मग वर काढायला लोक बोलवावे लागले असते. मग तिनं हट्टच धरला आणि झाकणाला खीळ करून घेतली, डबा भरल्याशिवाय झाकण लागायलाच नको. मंगळवारी फोनवर त्या चौघांचा म्होरक्या काय म्हणाला? "तिसऱ्या दिवशी दमून आमच्यातला एक डबा न भरताच निघाला होता. झाकण लागेना, म्हणून वाचला." आता सांगा, अभिनंदन कोणाचं? मी तर त्या दिवसापासून नऊ वर्षं तिनं दिलेलाच श्वास गाळून वापरतोय!

ही गोष्ट तिनं प्रत्येक लग्नकार्यात सांगितली, शेवटी दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितली. "चूक माझी म्हणाले हो, तेव्हाच ओळखलं, हवा डोक्यात गेलीय." सगळे हसायचे, मीही हसायचो. पण तुम्हाला म्हणून सांगतो... बोट केलं तेव्हा मी चांगला शुद्धीवर होतो. सकाळी चहा पितानाच ठरवलं होतं, आज हिनं विचारलं तर कबूल करायचं. पण डबा रिकामा निघाल्यावर तिचा चेहरा असा काही उजळला, की म्हटलं, नंतर सांगू.

ते सांगायचं राहून गेलं.