वॉल्टरची बायको

माझं नाव सुमन. गाव बीड जिल्ह्यातलं, त्याचं नाव सांगून काय उपेग, तुमी ऐकलंबी नसंल. आईबाप ऊसतोडीचे. दसरा झाला की गाडीत पोरंटोरं, भांडी, कोंबड्या घालायच्या आन् कारखान्याकडं जायचं, खोपीत ऱ्हायचं, पाऊस लागायच्या आत परत. शाळा काय ती दसऱ्यापातूर. मोळ्या बांधता बांधता मोठी झाले, पाचटानं हात सोलून निघायचे, ह्या बगा खुना. लगीन झालं ते पुन्यातल्या एका आचाऱ्याशी. बरा मानूस व्हता. त्याच्या मालकाच्या भावानं हिकडं ह्यूस्टनला हाटेल काढलं आन् ह्याला घेऊन आला, कागदं झाली, मग मला आन् महेशला, म्हंजे माझ्या पोराला, बोलावलं. काय सांगू ताई तुम्हाला, विमानात बसले तवा वाटलं आता आपलं नशीब फिरलं. आन् महेश कालेजात जातोय तोवर ह्याचं हार्ट बंद पडलं, हाटेलात, भट्टीपुढंच.

मग ह्यूस्टनच्या शेजारी शुगर लँड नावाच्या गावात एक डॉक्टर व्हते, तिथं सैपाकाला ऱ्हायले. समदे त्यांना काका म्हनायचे, बायकोला काकू. मोठं घर, मागं तळं. काकू वाईट नव्हत्या, खोटं कशाला बोलू. साड्या द्यायच्या, दुखलंखुपलं बघायच्या, पन जेवायचं मी वट्यापाशी, टेबलावर न्हाई. कुनी म्हनलं नव्हतं तसं, पन मला ठावं व्हतं आन् त्यांनाबी. त्यांची नात अनया, ती माझ्या हातचं खाऊन मोठी झाली, सुमनमावशी सुमनमावशी करत पाठीमागं. काकू कधी कधी जुनं सांगायच्या, की आम्ही नवीन आलो तेव्हा आम्हाला घर भाड्याने देत नव्हते गं, फोनवर हो म्हणायचे आणि तोंड बघितलं की जागा गेली म्हणायचे. सांगताना त्यांच्या डोळ्यात पानी यायचं. मलाबी यायचं.

मग काकांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. त्यांना उठवायला, आंघोळ घालायला एजन्सीनं एक मानूस पाठवला, त्यो वॉल्टर. काळा, उंच, दारात वाकून यायचा. बायको वारलेली, पोर न्हाई. आधी म्या त्याला घाबरले, का विचाराल तर मला सांगता यायचं न्हाई, समदे घाबरायचे म्हनून मीबी. पन बगा ताई, सैपाकघराचं दार उघडं असायचं तरी त्यो बाहेरून टकटक करायचा, मिस सुमन, आत येऊ का. इतकी वर्सं त्या घरात काढली, माझ्यासाठी दारावर कुनी टकटक केली नव्हती. आत आला की पानी घ्यायचा, गिलास स्वतः धुवायचा. काकांना असा उचलायचा जसं लेकरू. काका त्याला बघून हासायचे, अर्ध्या तोंडानं.

माझं इंग्लिश तोडकंमोडकं. त्यो सावकाश बोलायचा माझ्यासाठी. एकदा म्या त्याला भाकरी दिली, वर लोनी आन् ठेचा. घाम फुटला त्याला, पन संपवली, म्हनाला, माझी आजी लोखंडी तव्यात मक्याची करायची, तिची आठवन झाली. मग त्यानं खिडकीतनं तळ्याकडं बोट केलं आन् म्हनाला, हे समदं उसाचं रान व्हतं, गावाचं नाव साखरेची जमीन असं उगं न्हाई पडलं. म्हनं त्याच्या आजीचा बाप हितं कैदी म्हनून ऊस तोडायचा, गुन्हा काय तर काम न्हाई म्हनून रस्त्यानं फिरत व्हता. तोडता तोडता पडायची मानसं, तिथंच पुरायचे. म्या माझे हात त्याच्या म्होरं धरले. म्हनलं वॉल्टर, मीबी उसातलीच. त्यो कितीतरी येळ माझ्या हाताकडं बघत ऱ्हायला. ताई, तिथंच काय ते झालं आमचं. म्हातारपनी कसलं आलंय प्रेम म्हनाल, पन झालं.

त्यानं मला गाडी शिकवली. शुगर लँडात गाडी न्हाई म्हंजे मानसाला पाय न्हाईत, आन् मी इतकी वर्सं कुनीतरी न्यायची वाट बघत बसलेली. रविवारी दुपारी एका बंद दुकानाच्या मोकळ्या पार्किंगात त्याच्या जुन्या ट्रकवर शिकले. लायसन मिळालं तवा म्या त्याच्या गळ्यात पडले, भर उन्हात. आन् ते हितल्या मराठी मंडळातल्या एका बाईनं पाह्यलं.

काकूंनी मला बोलावलं. खुर्चीत बसवलं, ते पह्यल्यांदाच. म्हनल्या, सुमन, तुला एकटं वाटत असेल, मला समजतं. पण त्यांच्यातला? म्या म्हनलं काकू, त्यांच्यातला म्हंजे? तर म्हनल्या, तुला कळतंय मी काय म्हणतेय, उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस, लोक आम्हाला विचारतात. म्या म्हनलं, काकू, मी लगीन करनार हाय त्याच्याशी. त्या उठल्या आन् माझ्या म्होरंच एजन्सीला फोन लावला. गोड आवाजात बोलल्या. वुई डोन्ट फील सेफ विथ हिम इन द हाऊस. बस, येवढंच. चोरीचा आळ न्हाई, मारल्याचा न्हाई. भीती वाटते म्हनाल्या. ज्यानं त्यांच्या नवऱ्याचं हगमूत काढलं त्याची भीती.

म्या म्हनलं, काकू, तुमाला घर नाकारनारे लोक दुसरं काय म्हनत व्हते? तर म्हनल्या, तोंड सांभाळून बोल, तुला रस्त्यावरून घरात आणलं आम्ही. म्या कपडे भरले. निघताना काकांच्या पाया पडले, त्यांनी माझा हात धरला त्यो सोडंनात. त्यांना ऐकू समदं येत व्हतं. बोलता येत नव्हतं. काकूंनी त्यांची बोटं एक एक करून सोडवली.

कोर्टात लगीन केलं. महेशला फोन केला, त्यो तिकडं बेलव्ह्यूला, कंपनीत मोठा हाय, बायको पुन्याच्या चांगल्या घरातली. म्हनला, आई, तू काय करून बसलीस, मी सासरी काय सांगू? म्या म्हनलं, सांग आईनं लगीन केलं. म्हनला, अगं निदान आपल्यातल्या कोणाशी तरी. म्या म्हनलं, महेश, तुझा बाप गेल्यापासनं आपल्यातल्या कुनी मला विचारलं का, जेवलीस का म्हनून? त्यानं फोन ठेवला. आता दिवाळीला नातवाचा फोटो येतो. नुसता फोटो. वॉल्टरची बहीनबी काई हारतुरे घेऊन उभी नव्हती, वर्सभर मला दारातनंच बघायची. पन तिनं शेवटी घरात घेतलं. माझ्या पोरानं न्हाई.

आन् त्या फोनचं काय झालं ते ऐका. एजन्सीनं वॉल्टरला काढलं. दुसरीकडं गेला की मागचं विचारायचे, आन् मग नगं म्हनायचे. म्हाताऱ्या मानसांना जपायचा त्याचा हात, देवानं त्यासाठीच दिल्यावानी, त्यो हात आता गोदामात खोकी उचलतो. पाठ गेली. पह्यल्यावानी हासत न्हाई. मला कधी एक शब्द बोलला न्हाई, पन कधी कधी असा गप बसतो की मला वाटतं, ह्याच्या मनात येत असंल, त्या सैपाकघराचं दार आपुन वाजवलंच नसतं तर. प्रेम दोघांनी केलं, भोगलं त्यानं एकट्यानं. काका गेले ते आमाला कुनी कळवलं न्हाई. दुकानात पीठ घेताना एका बाईनं सांगितलं.

आता ह्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. इतक्या वर्सांनी. आवाज थकलेला. म्हनल्या, सुमन, झालं गेलं विसर, अनयाचं लग्न ठरलंय, तिचा हट्ट आहे पुरणपोळ्या तुझ्याच हातच्या हव्यात. म्या इचारलं, मुलगा कुनाचा? तर काय उजळल्या, ताई! म्हनल्या, अमेरिकन आहे गं, बोस्टनचा, इतका गोड, त्याची आई नऊवारी नेसणार आहे, सगळं मंडळ खूश आहे. म्या म्हनलं, काकू, वॉल्टरबी अमेरिकनच हाय की.

तर म्हनल्या, तू एकटी ये, गाडी पाठवते.

म्या म्हनलं, गाडी मला चालवता येते. आन् ठेवला.

मग अनयाचा सोताचा फोन आला, रडत व्हती, मावशी प्लीज कम, ब्रिंग हिम, आय डोन्ट केअर व्हॉट आजी सेज. पोरीचं मन चांगलं. म्या वॉल्टरला सांगितलं. त्यो बूट काढत व्हता. म्हनला, तुला जायचं तर जा सुमन, पोर तुझी हाय, मी त्या घरात पाय ठेवनार न्हाई. म्या न्हाई गेले. लग्नाच्या दिवशी पुरन घातलं, दोघांपुरतं. त्यो कामावरनं आला, खाल्लं, बरं झालंय म्हनला, आन् पाठ टेकून झोपला. मी त्याच्या पाठीला तेल लावत बसले.

काकूंना म्या शाप दिला न्हाई, ताई. त्याबी आता एकट्याच हायेत त्या मोठ्या घरात. पन आशीर्वादबी दिला न्हाई. तेवढं माझ्यापाशी उरलं न्हाई. जे व्हतं ते पोरीला दिलं, तिचा संसार सुखाचा व्हवू दे.