पाटीवरचे संवाद

(दुपार. टीव्हीवर एका जुन्या मालिकेचं चित्र थांबवलेलं. ताई सोफ्यावर, धाकटी बहीण चिमी शिलाई मशीनपाशी.)

ताई: थांब, थांब, पुढे नको ढकलूस! हाच तो भाग. अख्ख्या अकरा वर्षांत एवढं चांगलं काही लिहिलं नव्हतं त्यांनी.

चिमी: चांगलं? कमाल आहे बाई तुझी. आईशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ती वकिलीण लेक एका सोमवारी उठते आणि आईची बॅग भरते? मग रविवारी काय झालं होतं?

ताई: काही व्हावं लागत नाही. साठत जातं माणसाच्या मनात.

चिमी: साठलं तर दिसायला नको? एक आठी नाही, एक उसासा नाही. वकिलीणबाई आल्या, भुवई उडवली, तीनदा ढग गडगडले आणि हुंदकेबाई घराबाहेर! लेखकाला सुट्टीवर जायचं असणार. उरकलंय नुसतं.

ताई: हुंदकेबाई हे नाव आईनंच ठेवलेलं ना गं?

चिमी: मग कुणी? कानांनी काही ऐकू येत नव्हतं, पण हुंदका कधी येणार ते तिला आधी कळायचं. "बघ, खांदे हलले, आता सुरू होईल," म्हणायची. आणि सुरू व्हायचा.

ताई: मला हा प्रसंग तोंडपाठ आहे. "आई, या घरात आता तुझी जागा नाही. गाडी बाहेर उभी आहे." बास. भाषण नाही, काही नाही. मी वॉर्डात तीस वर्षं काढली चिमे, म्हाताऱ्यांना सोडून जाणारी माणसं अशीच बोलतात. दोनच वाक्यं. भेटायची वेळ काय आणि कपडे कुणाकडे द्यायचे.

चिमी: म्हणून ते चांगलं लिहिलेलं?

ताई: म्हणून ते खरं.

चिमी: खरं असेल. पण मला ते पाहवत नाही. तेव्हाही पाहवलं नव्हतं.

ताई: मला तर हा भाग पाहिला की आईच आठवते. याच भागावरून कळलं ना तिच्या विसरण्याचं. डॉक्टरांनी तारीख विचारली, सांगितली. घड्याळ काढायला लावलं, नीट काढलं. ते म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहेत. मीच म्हटलं, रोजचं काहीतरी विचारा. मग कागदावर लिहिलं, काल मालिकेत काय झालं? आणि आपली आई अगदी हसत हसत सांगते, "वकिलीण म्हणाली, तू एकटी नको राहूस, चल माझ्या घरी. बॅगसुद्धा तिनंच भरली."

चिमी: आठवतंय मला. मी शेजारीच बसले होते.

ताई: अगदी उलटं! मग मी आदल्या आठवड्यातलं विचारलं, तेही उलटं. भांडणं झाली तिथं समेट सांगितला. बरं, तू रोज समोर बसून सगळे संवाद पाटीवर लिहून देत होतीस, तरी चोवीस तासांत डोक्यातून सगळं साफ. डॉक्टरांचा चेहराच बदलला. तरी बरं, वेळेवर कळलं.

चिमी: हं.

ताई: हं काय? तेवढ्यावर तर मला रात्री झोप लागते. तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून आपण तिला त्या वृद्धांच्या संस्थेत ठेवलं. सात महिने "मला घरी न्या" म्हणत होती, तो आजार बोलत होता, ती नाही. नाहीतर शहाण्यासुरत्या आईला कुणी असं ठेवतं का?

चिमी: ताई, तो रिमोट खाली ठेव.

ताई: का?

चिमी: मी तसं लिहिलंच नव्हतं.

ताई: कसं?

चिमी: "तुझी जागा नाही" असं. पाटीवर मी लिहिलं होतं, "आई, तू एकटी नको राहूस, चल माझ्या घरी." आईनं डॉक्टरांना अक्षरन् अक्षर बरोबर सांगितलं.

ताई: चावटपणा करू नकोस चिमे.

चिमी: मेलेल्या आईवरून चावटपणा करीन मी?

ताई: आणि आदल्या आठवड्यातलं?

चिमी: तेही माझंच. कान गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून बरंचसं माझंच होतं. हुंदकेबाईंचा नवरा वारला तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही, आठवतं? त्याला काही मला जिवंत करता आलं नाही, तिला दिसत होतं ना तो आडवा पडलेला. पण बोलणं माझ्या हातात होतं. मी म्हटलं, कशाला हिला रडवायचं? आधीच कान गेलेत, गुडघे गेलेत. वाईट शब्द गाळायला लागले. मग वाक्यंच बदलायला लागले.

ताई: आणि तिला कळलं नाही?

चिमी: कसं कळेल? चित्राला बसेल असंच शोधायचे मी. भरलेली बॅग, दारात गाडी, रडणारी म्हातारी. आनंदानंही रडतं की माणूस. आणि खरं सांगू, मजा यायची गं मला. दिवसभर शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवायच्या, तेवढा अर्धा तास माझा. आई म्हणायची, "काय गोड लिहितो हा माणूस!" मी मनात म्हणायचे, लिहिते.

ताई: तू... तू दवाखान्यात माझ्या शेजारी बसली होतीस. डॉक्टरांनी मला विचारलं, बरोबर आहे का हे? मी मान हलवली, नाही म्हणून. आणि तू गप्प?

चिमी: तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं.

ताई: मग दातखीळ बसली?

चिमी: तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "हे घरी सांभाळणं एका माणसाला शक्य नाही." ताई, नऊ वर्षं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की हे शक्य नाही. तू कधी म्हणाली नाहीस. दादा परदेशातून व्हिडिओवर नुसता "तुझी कमाल आहे" म्हणायचा. तिची अंघोळ, तिचं पथ्य, हाक मारून उपयोग नाही म्हणून दर वेळी उठून तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं. मला वाटलं, आता खरं बोलले तर ते वाक्य डॉक्टर परत घेतील.

ताई: म्हणजे तुला सुट्टी हवी होती.

चिमी: हो. हवी होती. घे, म्हटलं एकदाचं.

ताई: लाज नाही वाटली? ती तिथं वेड्यासारखी सगळ्यांना सांगत होती, माझं डोकं चांगलं आहे, विचारा काय ते. आया हसायच्या तिला! मी हसायचे, चिमे. मी तिची पाठ थोपटून म्हणायचे, हो हो, चांगलं आहे. आणि तुला माहीत होतं!

चिमी: मला वाटलं होतं, महिनाभरानं घरी आणीन. पाठ जरा धरायची थांबली की आणीन. मग दुसरा महिना. मग आईच्या पलंगाची जागा रिकामी झाली, तिथं तू हा सोफा आणून दिलास.

ताई: माझ्यावर ढकलू नकोस. मी आत्ता दादाला फोन लावते. त्याला कळू दे तू काय केलंस ते. आई गेल्यावर त्या पोरानं तिकडून येऊन तुझे हात धरले होते, "तुम्ही दोघींनी फार केलं" म्हणून रडला होता. कळू दे त्याला.

चिमी: लाव. आणि लावलास की तुझ्याकडच्या चिठ्ठ्यापण वाचून दाखव.

ताई: कुठल्या चिठ्ठ्या?

चिमी: कुठल्या काय? संस्थेतून आई तुला लिहायची त्या. दर महिन्याला एक, माझ्याच हाती पाठवायची ना. चिकटवून द्यायची, म्हणून मी वाचल्या नाहीत. पण मला सांगायची काय लिहिलंय ते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कुठलं औषध दोनदा दिलं गेलं. तुझ्या नातीचा वाढदिवस कधी. तुझ्या कपाटाची जादा किल्ली कुठल्या डब्यात आहे. तू नर्स आहेस ताई. बुद्धी गेलेलं माणूस असं लिहितं?

ताई: लिहितात. मधूनमधून बरी असतात अशी माणसं.

चिमी: सात महिने मधूनमधून?

ताई: तू मला शिकवू नकोस. मी शंभर केसेस पाहिल्यात.

चिमी: तेच तर म्हणतेय मी. शंभर पाहिलेल्या बाईला आपल्या आईच्या चिठ्ठीतलं दिसलं नाही? किल्ली होती ना त्या डब्यात?

ताई: ...होती.

चिमी: मग?

ताई: मी सगळ्या नाही वाचल्या.

चिमी: काय?

ताई: पाच वाचल्या. शेवटच्या दोन उघडल्या नाहीत. कपाटात आहेत तशाच.

चिमी: उघडल्या नाहीस? का?

ताई: का काय का! त्यात ती शहाणी दिसायची म्हणून. प्रत्येक चिठ्ठीत जास्तच शहाणी. त्या औषधाचं तिनं लिहिलं, मी जाऊन चौकशी केली, तर खरंच निघालं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, अहो, आई ठीक आहे की काय? तर हे म्हणाले, ठीक असेल तर आणायची कुठे? आपल्या दोन खोल्यांत? मी भाजी चिरायला बसले. पुढची चिठ्ठी आली ती उघडली नाही.

चिमी: मला का नाही विचारलंस? एकदा फोन करून विचारलं असतंस, चिमे, तुला काय वाटतं? मी सांगून टाकलं असतं. मी वाट बघत होते गं, कुणीतरी विचारेल म्हणून.

ताई: मी घाबरत होते, तू "आण घरी" म्हणशील म्हणून.

चिमी: आणि मी घाबरत होते, तू म्हणशील म्हणून.

ताई: चहा टाकू का?

चिमी: नको. दादाला फोन लावतेस ना? लाव. मी नाही म्हणणार नाही.

ताई: राहू दे.

चिमी: मघाशी तर...

ताई: राहू दे म्हटलं ना! काय सांगू त्याला? चिमीनं खोटं लिहिलं आणि मला ते सोयीचं पडलं? तो एकटाच आहे जो आपल्याला अजून चांगलं समजतो.

चिमी: आईपण समजत होती.

ताई: आई? मला बघून भिंतीकडे तोंड करायची शेवटी.

चिमी: माझ्याकडे नाही केलं कधी. रविवारी गेले की पाटी पुढे करायची. हॉलमध्ये टीव्ही होता तिथं, पण तिला लिहून कोण देणार? नुसती चित्रं बघायची आठवडाभर. आणि एकच विचारायची, "हुंदकेबाई हल्ली दिसत नाहीत गं. लेकीकडे बऱ्या आहेत ना?"

ताई: त्या नटीनं काम सोडलं होतं.

चिमी: ते मला माहीत, तिला नाही. शेवटच्या रविवारीपण तेच विचारलं.

ताई: मग तू काय लिहिलंस?

चिमी: लिहिलं, "मजेत आहेत. लेक तळहाताच्या फोडासारखी जपते."

ताई: आई काय म्हणाली?

चिमी: दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिरीयलमधल्या मुली चांगल्या असतात गं."