पिवळा रेग्युलेटर

…आणि हे दवाखान्यात मशीनवर होते, तेव्हाच मी एकवीरा आईला नवस बोलले होते, भूपेंद्रभाऊ — आमच्या यांचा श्वास त्यांच्याच छातीतून चालू दे, वर्षभर मीठ सोडीन. ऐकलं तिनं. आज सातवा महिना, अळणी जेवते. बसा ना, उठता कशाला? वाचला तुमचा कागद, यांचं नाव घालून लिहिलेला. ‘बॅकअप रेग्युलेटर नवल यांनी स्वतः निवडला.’ छान लिहिलंय. वकिलानं लिहून दिलं? — असेल.

बाईला काय कळतं त्यातलं, असंच ना? यांच्या जोडीनं पाण्यात उतरणाऱ्या लोटनभाऊंनी शिकवलं मला. हवेच्या टाकीला श्वास घ्यायचे दोन रेग्युलेटर — एक पाणबुड्याच्या तोंडात, दुसरा छातीवर, वेळेला लागला तर. ठेका तुमचा, पहिला तुम्ही नवा आणलात, कामाच्या फोटोत दिसतो म्हणून. आणि दुसरा? तो पिवळा, कुठल्या भंगारातला कोण जाणे. धरणाच्या दाराशी, गाळात, लोटनभाऊंची हवा संपली — बुडणारा माणूस दुसऱ्याच्या छातीवरचा शोधत बसतो का? यांच्या तोंडातलाच ओढला त्यांनी. यांनी दिला, आणि पिवळा तोंडात घातला. हवेऐवजी पाणी आलं, भाऊ. नंतर लोटनभाऊ तो हातात घेऊन रडले — “वहिनी, हाई रबर तं फाटेल शे!” फाटकंच होतं ते.

दसऱ्याला हे तुमच्याकडे दुसराही नवाच मागत होते — इथंच, या ओट्यावर. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू. हे काही हटेनात. तेव्हा कोण बोललं — “सणाच्या दिवशी पहिला बंद पडायची भाषा कशाला, काहीतरी अभद्र!” — कोण बोललं? मीच. तुम्ही हसून म्हणालात, वहिनींचं बरोबर आहे. आणि यांनी विषय सोडला. हे… हे सांगायचं नव्हतं मला. निघालं तोंडातून, जाऊ दे. माझ्या वाट्याचं मी फेडतेय, भाऊ. तुमच्या वाट्याचं?

छे, रागावले नाही हो मी. चहा घ्या, निवला. करते ना तुमच्या कागदावर सही, पेन काढूनच ठेवलाय. फक्त मागच्या अंगणात या — ड्रम काठोकाठ भरलाय, टाकी सकाळीच लोटनभाऊंनी जोडून ठेवलीय. पिवळा तोच, रबर तेच. तोंडात धरायचा, डोकं पाण्यात, तीन श्वास. तीन झाले की लगेच सही. — घाम कशाला पुसताय? माणूस स्वतः निवडेल असाच आहे ना तो? तुम्हीच लिहिलंय. हळू बोला, हे आत पडलेत, दोन शब्द बोलले तरी दम लागतो त्यांना.

लोटनभाऊ, दार लावा.

वाका, भाऊ. पण आधी एकवीरा आईचं नाव घ्या आणि काहीतरी नवस बोला तिला — मी बोलले होते तसं.