बुधाजी खंडारे यांच्या घरावरचे टिन

जबाब
दि. २७ एप्रिल २०२५, सकाळी १०.१५

मी, मनकर्णा बुधाजी खंडारे, वय ५४ वर्षे, धंदा शेती व मजुरी, रा. मौजे वाठोंडी, ता. भातकुली, जि. अमरावती. समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती बुधाजी, वय ५८, यांच्यासह राहत होते. मुलगी नीलम बार्शीटाकळीला दिलेली आहे. आमचे घर गावाच्या टोकाला, नाल्याला लागून आहे. वर टिनपत्रे होते.

उन्हाळ्यात वादळ सुटले की टिन उडू नये म्हणून पती टिन बसवलेल्या लोखंडी अँगलला दोन्ही हातांनी लटकत असत. आमच्याकडे बरेच जण असे करतात. पतीचे वजन शेहेचाळीस किलो होते. त्यापेक्षा टिनावर ठेवलेले दगड भारी आहेत, असे मी त्यांना वेळोवेळी सांगितले. ते म्हणत, "दगडाले अक्कल नसते, मले हाय."

काल दुपारी साडेतीनला गारांसह पाऊस सुरू झाला. पाचच्या सुमारास नाल्याच्या अंगाने भोवऱ्यासारखे वारे आले. मी पतीला म्हणाले, "सोडा ते, गेले तं जाऊ द्या." ते म्हणाले, "तू खाटेखाली जाय." मी गेले. मोठा आवाज झाला. बाहेर निघाले तेव्हा वर आभाळ होते व पती घरात नव्हते.

पुतण्या पिंटू याने हाक मारली म्हणून नाल्यावर गेले. पती पलीकडे शेताच्या धुऱ्यावर बाभळीला टेकून बसलेले दिसले. अंतर शंभर फूट असेल. त्यांचा पाय वाकडा झाला होता. टिन त्यांच्या मागे नांगरलेल्या वावरात पडले होते, पण त्यांना मान वळवता येत नव्हती व मधल्या बोरीच्या झाडांमुळे घरही दिसत नव्हते. एप्रिलात त्या नाल्यात बकरीला प्यायला पाणी नसते. काल त्याला पूर होता. पिंटू कमरेला दोर बांधून दोनदा उतरला. दुसऱ्या वेळी वाहून चालला, म्हणून लोकांनी ओढून काढले. पती ओरडले, "पिंट्या, लेकराबाळाचा हायेस, मांगं फिर." पूल पाण्याखाली होता व रस्त्यावर झाडे पडली होती, त्यामुळे दवाखान्याची गाडी येऊ शकली नाही.

मी काठावर बसून राहिले. मला त्यांचा फार राग आला होता. मी ओरडून विचारले, "कावून लटकले होते तुमी?" त्यांनी उलट विचारले, "अवं, किती टिनं गेले?" मी सांगितले, "दोनच. कडेचे." ते म्हणाले, "मंग बरं झालं धरून ठेवले." नंतर ते आडवे झाले. मी हाका मारल्या.

पावणेसातला पाणी उतरले. पिंटू व इतर लोक पलीकडे गेले, तेव्हा पती मयत झालेले होते. माझा कोणावर संशय नाही व कोणाविरुद्ध तक्रार नाही.

आज सकाळी तलाठी साहेबांनी घराचा पंचनामा केला. त्यात अकराच्या अकरा टिन गेल्याचे लिहिले आहे, ते बरोबर आहे. पतीला मी दोन सांगितले, ते खोटे होते. तेवढे सोडून मी काल कोणाशी व आज इथे खोटे बोललेले नाही. जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून सही केली.

मनकर्णा बु. खंडारे