नवऱ्याला हॅम, फोटोग्राफरला काय?

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वापाच. सॉरेल, अलाबामा. चर्चमागच्या गल्लीतलं एक पिवळं भाड्याचं घर, घराला व्हरांडा, व्हरांड्यात झोपाळा, झोपाळ्यावर मी. आणि पहिलं भांडं आलं.

अहो, मी अजून बूटसुद्धा काढले नव्हते! बॅग दारातच, गाडीचं इंजिन अजून तापलेलं, आणि पायरीवर एक अनोळखी बाई उभी. हातात हे एवढं काचेचं भांडं, वर चंदेरी कागद, बुडाला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तिचं नाव, म्हणजे भांडं परत करताना घोळ नको. आत काय? कॅसरोल, म्हणजे कोंबडी, भात, चीज एकत्र भाजलेलं, वरून चुरलेली खारी बिस्किटं... दहा माणसं जेवतील एवढं. म्हटलं, बाई, तुमचं घर चुकलं. तर म्हणाली, नाही गं लेकरा, मिस आयोलानं पिवळंच घर सांगितलंय. आणि माझ्या गालावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि गेली.

लेकरा म्हणे! बासष्ट वर्षांची आहे मी. तीन महापौर आणि एक शेरीफ माझ्या नावानं अजून बोटं मोडतात. आणि इथे मी लेकरू.

तुम्हाला सांगते, मला काय हवं होतं? समुद्र नको, डोंगर नको, माणसं तर नकोच नको. दोन दिवस, एकटीनं. जास्त मागितलं होतं का?

आता चूक कुणाची, तर माझीच. घराची किल्ली देताना मालकीणबाईंनी, म्हणजे ह्याच मिस आयोलानं, चौकशी सुरू केली. पंच्याहत्तरीची बाई, वाळलेल्या भोपळ्यांवर पक्षी रंगवते, तीन नवरे पोचवलेत, तरी इकडच्या रीतीनं मिसच. बरोबर कोण आहे? कोणी नाही. नवरा? होता, आता फ्लोरिडात दुसरीबरोबर मासे धरतो. मैत्रीण येतेय? नाही. मग दोन दिवस करणार काय, बाळा, एकटी? तर तिचं तोंड बंद करावं म्हणून मी म्हटलं, 'एक माणूस गेलाय. मला जरा शांतता हवी आहे.'

शांतता! जगात दुसरीकडे कुठेही हे वाक्य बोललात की लोक हळूच दार ओढून घेतात. अलाबामात ह्या वाक्यानं ओव्हन पेटतात. आणि मी काय परदेशातून आले होते? ह्याच राज्यात जन्मले, ह्याच काचेच्या भांड्यांमधलं खाऊन वाढले, आई-बाप गेले तेव्हा अशी भांडी महिनाभर घरोघर परत करत फिरले... आणि मीच स्वतःच्या तोंडानं आगीची घंटा वाजवली!

माणूस खरंच गेला होता, ती थाप नव्हती. लायल बेंडॉल. आमच्या पेपरचा फोटोग्राफर. पंचवीसेक वर्षं आम्ही दोघं एका गाडीतून फिरलो. पूर आला, चला. तुरुंगात दंगल झाली, चला. कोणा बाईची म्हशीएवढी कलिंगडं झाली, चला. मी लिहायचं, त्यानं फोटो काढायचे. मग पेपर विकला गेला, नव्या मालकांनी लायलला काढलं, आणि ह्या मार्चमध्ये झोपेतच गेला. मी त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. संपादक म्हणाले, धोरणाप्रमाणे फक्त विद्यमान कर्मचाऱ्यांवर छापतो. आता विद्यमान कर्मचारी मरायचे कधी आणि त्यांच्यावर छापायचं कधी, हे त्या धोरणाला कोणी विचारायचं?

अंत्यविधीला मी पाचव्या रांगेत. पहिल्या रांगेत त्याची बहीण, दुसरीत घटस्फोटित बायको, तिसऱ्या-चौथीत मासेमारीची मंडळी. बाहेर पडताना बहिणीनं माझा हात धरला नि म्हणाली, पेपरमधून कुणीतरी आलं, बरं वाटलं.

कुणीतरी.

तेव्हापासून, तुम्हाला सांगते, माझं अडलं होतं. रडू येईना. बायको नाही, बहीण नाही, मग कोणत्या नात्यानं रडायचं? आणि ऑफिसात रडून दाखवा की! पंचविशीचा संपादक लगेच मानसिक आरोग्याचं माहितीपत्रक हातात ठेवतो. म्हणून मी ठरवलं. लायलच म्हणायचा, कधीतरी बातमी नसताना सॉरेलला जाऊ, नुसतं भटकू. तर मीच जाते, दार लावते, पोटभर रडते आणि रविवारी परत येते. दोन दिवस, एकटीनं. जास्त मागितलं होतं का?

रात्री आठपर्यंत चार भांडी! दार लावलं, पडदे ओढले, पलंगावर बसले, लायलचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, आता रडू येणार, येणार... टकटक. मोहरी घालून भरलेली अंडी. पुन्हा बसले. पुन्हा चेहरा. पुन्हा टकटक. पुन्हा कॅसरोल. तिसऱ्या वेळी चेहरा आणायला गेले तर लायलच्या जागी कॅसरोलच दिसायला लागलं!

शनिवारी सकाळी म्हटलं, घरात नको. गावात फिरते. सॉरेल म्हणजे काय, दर तिसऱ्या दारामागे एक कलाकार. जुन्या पेट्रोल पंपात मागावर विणणाऱ्या बायका, बँकेच्या तिजोरीत जलरंगांचं प्रदर्शन, अंगणातल्या झाडांना निळ्या बाटल्या. कलाकार माणसं आपल्याच नादात असतात, बघायचं, मान हलवायची, पुढे जायचं. असं वाटलं हो मला! माझ्याआधी माझी बातमी पोचली होती. पस्तीस वर्षं पेपरात काढली, पण एवढ्या वेगानं आमचा पेपर कधी घरोघर गेला नाही. विणकर बायका माग थांबवून उभ्या राहिल्या. बँकेतल्या माणसानं टोपी काढली.

शेवटी एका कुंभाराच्या शेडमध्ये शिरले. टॅलमेज नावाचा दांडगा गडी, कोपरापर्यंत चिखल, चाकावर सुरई. म्हटलं, हा बोलणार नाही. दोन मिनिटं नुसती सुरई वर ओढत राहिला. मग वर न बघता म्हणतो, मॅडम, तुमचा तो कोण होता?

मी उसळले. म्हटलं, प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे, तुमचा नाही. तर म्हणाला, रागावू नका, माझा प्रश्न नाहीच तो, बायकांचा आहे. त्यांचं अडलंय. काय अडलंय? तर म्हणे, नवरा गेला असेल तर हॅम, डुकराची अख्खी भाजलेली मांडी, नेतात. भाऊ असेल तर अख्खी भाजलेली कोंबडी. चुलत-मावस असेल तर केक, नुसती ओळख असेल तर अंडी. तुमचं नातंच कळत नाही, म्हणून बिचाऱ्या कालपासून कॅसरोलवर कॅसरोल करतायत. कॅसरोल कशालाही चालतं.

म्हणजे बघा. ज्या प्रश्नानं माझं रडू अडवलं होतं, त्याच प्रश्नानं अख्ख्या गावाची चूल अडवली होती.

मी एक मग उचलला, आभार मानले, पळाले.

संध्याकाळी सहाला दार उघडते तर व्हरांड्यात सात बायका. आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन! मधोमध मिस आयोला, मांडीवर गोड गार चहाची बरणी. म्हणाली, आम्ही बसायला आलोय. म्हटलं, मला एकटीला राहायचंय. तर म्हणाली, रहा ना, बाळा, आम्ही काही बोलणार नाही, तू एकटी रहा, आम्ही बाजूला बसतो.

आता ह्याच्यावर काय बोलणार? बसले. हातपंखे हलतायत, बर्फ किणकिणतोय, रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी हळू होऊन हात करतेय. पाच मिनिटं खरंच कोणी बोललं नाही. त्या पाच मिनिटांत मी मोडले. ज्या गप्प बसण्याच्या युक्तीनं मी आयुष्यभर सिनेटरांना बोलतं केलं, तिनंच मला बोलतं केलं!

म्हटलं, फोटोग्राफर होता. माझा फोटोग्राफर.

व्हरांड्यात एक हुंकार फिरला. मग कोपऱ्यातल्या मिस वर्डेल, बॅप्टिस्ट चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा, घसा खाकरून म्हणाल्या, 'म्हणजे सहकारी. सहकाऱ्याला अंडी. अंडी देऊन झालीयत.'

'अंडी?' मिस आयोला म्हणाली. 'वर्डेल, तुझा कुत्रा गेला तेव्हा मी तीन थरांचा केक आणला होता.'

'तो कुत्रा घरचा होता, आयोला.'

झालं! तिघी केकच्या बाजूनं, दोघी अंड्यांच्या, एकीचं म्हणणं केळ्याचं पुडिंग करून मधला मार्ग काढावा. माझ्यासमोर, माझ्याच व्हरांड्यात, लायलची किंमत पदार्थांत ठरत होती आणि मला उठून ओरडायचं होतं... पण मलाही ऐकायचं होतं हो, निकाल काय लागतो ते!

मिस आयोलानं हात वर केला. मग माझ्याकडे वळली. तुम्हाला सांगते, उलटतपासणी म्हणतात ती ही. गाडी कोण चालवायचं? मी. का? त्याचे डोळे कायम खिडकीबाहेर, त्यानं ओढ्यात घातली असती. मग तो कुठे बसायचा? शेजारी. भांडायचात? रोज. कशावरून? रेडिओवरून. जेवायचात कुठे? गाडीतच, पेट्रोल पंपावरचं तळलेलं चिकन, कागदात.

'आणि कातडी?' तिनं विचारलं.

अहो, मला कळेचना. म्हटलं, काय कातडी?

'चिकनची. कुरकुरीत कातडी कोण खायचं?'

'मी,' म्हटलं. 'तो त्याच्या तुकड्याची काढून माझ्या कागदावर ठेवायचा.'

'तू मागितल्यावर?'

'नाही. मी कधी मागितली नाही. तो रस्त्याकडे बघत बघत ठेवायचा.'

पंखे थांबले. केकवाल्या थांबल्या, अंडीवाल्या थांबल्या. मिस आयोला म्हणाली, माझ्या तीन नवऱ्यांपैकी एकानंसुद्धा कधी कातडी सोडली नाही. मग मान न वळवता म्हणाली, 'वर्डेल, हॅम आण.'

'आयोला, तो हॅम उद्या पास्टरसाठी...'

'पास्टर अंडी खातील.'

आणि आला हो! लवंगा टोचलेला, मधात भाजलेला, अख्खा, बाळासारखा दोन्ही हातांवर. मिस वर्डेलनं तो माझ्या मांडीवर ठेवला, स्वतःच्या रुमालानं माझा चष्मा पुसला आणि म्हणाल्या, तुझं माणूस गेलंय, बाई, त्याचं आम्हाला वाईट वाटतं. नेहमीचंच वाक्य ते. शंभर अंत्यविधींत मी दुसऱ्यांना म्हटलेलं ऐकलं होतं. मला कोणी म्हटलं नव्हतं.

रडले. एकटीनं रडायला गाडी हाकत आलेली मी, सात बायकांसमोर, मांडीवर गरम हॅम घेऊन, नाकातोंडातून रडले. कोणी गप्प कर म्हटलं नाही. एकीनं फक्त हॅम घसरू नये म्हणून खालून हात धरला.

रविवारी सकाळी मिस आयोलाकडे नाश्त्याला. नाही म्हणून बघितलं, चाललं नाही. टेबलावर आमचाच पेपर. पहिल्या पानावर मोठ्ठा फोटो, जुन्या पुराची आठवण म्हणून छापलेला: कमरेएवढ्या पाण्यात एक बाई, डोक्यावर शिवणयंत्र, आणि हसतेय. लायलचा तो फोटो. हलत्या होडीत तो उभा होता आणि मागून त्याचा पट्टा मी दोन्ही हातांनी धरला होता, नाहीतर कॅमेऱ्यासकट गेला असता. अगदी खालच्या ओळीत लायलचं नाव असायचं. ते नव्हतं. तिथे होतं, 'छायाचित्र: संग्रहातून.'

मिस आयोलानं चष्मा लावून वाचलं. म्हणाली, हा संग्रह कोण? कुणाचा मुलगा?

मी तिथूनच संपादकाला फोन लावला. तो म्हणाला, सिस्टिममधून तसंच आलंय. सिस्टिमवाले म्हणाले, मजकूर संपादकांकडून आला. मालकांचं ऑफिस दुसऱ्या राज्यात, तिथली मुलगी फार गोड बोलली आणि तक्रार पुढे पाठवली. कुणाकडे पुढे, ते तिलाही माहीत नव्हतं. मग आपल्याला हो काय, पिच्छा पुरवणं हा आपला धंदाच! मी दर सोमवारी फोन करते. मिस आयोला मंगळवारी करते. बुधवार मिस वर्डेलनी घेतलाय, त्या प्रार्थना म्हणून मग बोलतात.

आज जुलै लागला. त्या फोटोखालून लायल बेंडॉलचं नाव कोणी काढलं, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.