जोडाघरापाशी

नाही भाऊ, टोकन नको, मी चपला काढतच नाहीये — आत जायचंच नाही मला, इथेच उभी राहते, तुमच्या या जोडाघरापाशी. कुणाच्या वाटेत येत असेन तर सांगा, सरकते. तुम्ही नांदेडचे निघालात म्हणून बरं, या परक्या देशात मराठीत तरी बोलता येतंय. ते तिसऱ्या फळीवरचे काळे बूट दिसतात ना, डाव्याची टाच झिजलेली — ते माझ्या अंबरीशचे. लहानपणापासून तसाच चालतो, एका बाजूला झुकून. म्हणजे आत आहे तो. चित्रा, माझी मैत्रीण, ती म्हणाली तेव्हा खरंच वाटलं नव्हतं — डेल्फ्टचं शिक्षण सोडून पोरगं गुरुद्वाऱ्यात भांडी घासतंय, वैशाखीला तर नक्की असणार. म्हणून आल्मेरेहून पहिली गाडी धरली. बूट घेतल्याशिवाय जाईल कुठे, हो ना?

जेवण? नको, खरंच नको. तिसऱ्यांदा विचारताय, तुमच्या सणाचा मान मोडायचा नाहीये मला. सकाळी निशाणाचा खांब खाली घेऊन दुधाने धुतलात, नवं केशरी कापड चढवलंत, तेव्हा मीही लांबून हात जोडले. पण पंगतीला बसले आणि तेवढ्यात तो निघून गेला तर? सात महिने झाले, आवाज नाही ऐकला त्याचा. बापलेकाचं वाजलं जरा — बाप म्हटलं की बोलणारच — नाही. बाप नव्हता बोलला. मी बोलले. गणपतीला घर भरलेलं, ज्याची त्याची मुलं मार्गाला लागलेली, आणि हा सगळ्यांदेखत सांगतो, वर्षभर परीक्षेलाच बसलो नाही. लाज वाटली हो मला. म्हटलं, मेलास तरी कळवू नकोस. पोटच्या पोराला, गणपतीसमोर. ताटलीतला मोदक तसाच ठेवून तो उठला आणि गेला. इथे म्हणे कुणाला विचारत नाहीत, कोण, कुठला, किती शिकलास. बस आणि जेव, एवढंच. तेवढंही मला जमलं नाही बघा.

आता हे दिवे का मालवताय? सगळे गेले? अहो, पण बूट तर आहेत — हे बघा, तेवढेच राहिलेत. स्वयंपाकघरात बघितलंत? भांड्यांपाशी? मागच्या दाराने? कधी? मला बघून गेला? या थंडीत, अनवाणी?

नाही, माझ्याकडे नका देऊ ते. मी नेले तर तो परत कशाला येईल? राहू द्या तिथेच, फळीवर. विचारेल तो तुम्हाला, आज नाहीतर उद्या. सांगा, आई गेली तुझी. पुन्हा येणार नाही म्हणाली. खुशाल जेवायला ये म्हणावं. लावा कुलूप, भाऊ. मी गेल्याशिवाय तो यायचा नाही.