माळकरणीच्या हातचे खारे बांगडे

मी मूळची शिंप्याच्या घरातली, इथंच म्हैसुरात जन्मले, बाप माळकरी, माझ्या गळ्यात तुळशीची माळ कळायच्या आधीपासनं, आणि पडले कुठं तर बन्नीमंटपाच्या अलीकडं मराठ्यांच्या घरात, ज्यांचे आजे-पणजे राजाच्या फौजेत होते आणि ज्यांना मासळीवाचून घास उतरत न्हाई. कसं काय म्हणाल तर आमचे हे सिटी बसवर ड्रायव्हर, खाकी शिवायला बापाच्या दुकानात यायचे, एकदा माप द्यायला, एकदा बटण लावायला, मग सुम्नेच, काही काम नसताना. अष्टे, एवढंच, झालं लग्न.

बाप म्हणाला माळ काढायची न्हाई. सासूला आम्ही इकडं अत्ते म्हणतो, तर अत्ते म्हणाली नको काढू, खाऊ पण नको, पण मासळी खारवायचं काम या घरात सुनेचं, ते तुला चुकणार न्हाई.

आता काय सांगू तुम्हाला ती घाण. उन्हाळ्यात मंगळूरचे बांगडे बर्फातनं बाजारात येत्यात, ते आणायचे, पोट फाडायचं, आतडी ओढून काढायची, ती बोटाला गुंडाळत्यात हो, थू, मग खडेमीठ आणि हळद चोळून मडक्यात थरावर थर, वर दगड. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की खाली ते लाल पाणी, त्याचा वास नाकात न्हाई, घशात बसतो. मग गच्चीवर वाळवायचे. माश्या, कावळे, बोके, सगळ्यांना हाकलत उन्हात बसायचं. हात लिंबानं धुवा, चिंचेनं धुवा, रात्री भाकरी तोंडाशी नेली की तोच वास. नव्या नवरीच्या मेंदीला बांगड्याचा वास, सांगा.

त्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला माझं वाळवण. गवार, कारल्याच्या चकत्या, मीठ-ताकात भिजवलेल्या मिरच्या, त्याला इथं बाळक म्हणत्यात. ते कसं, स्वच्छ, कुरकुरीत, पावसाळ्यात तळून भातावर घेतलं की जीव खूश. पण मधनं वारा फिरला की माझी गवार पण बांगड्यासारखी वास मारायची, मग मी रडायची.

पण बांगड्याला मीठ कमी पडलं तर पावसात किडे पडत्यात, आणि मी तर चाखणार न्हाई. म्हणून अत्ते चाखायची. एक तुकडा निखाऱ्यावर भाजून द्यायचा, ती डोळे मिटून चघळायची आणि म्हणायची, हं, आणखी एक ऊन. तिचं कधी चुकलं न्हाई. आमच्या बीदीतल्या, म्हणजे गल्लीतल्या सगळ्या बायका आपापला बांगडा ताटलीत घेऊन आमच्या दारात, अत्ते जरा बघा की. पाय गेले, डोळे गेले, तरी हा मान राहिला. बाकी तिच्याकडं काय उरलंय हो.

आमचे हे वारले. धाकटा दीर-जाऊ कुवेंपुनगरात घर बांधून गेले. ती जाऊ या घरात काटेसुद्धा चोखून खायची, आता म्हणते अय्यो अक्का, तो वास आमच्या घरात नको, म्हातारीला पाकिटातलं आणून घाला. मला मासळीची शिसारी येते, पण या बाईची जास्त येते, खरं सांगते.

तर औंदा काय झालं, मी तुकडा भाजून दिला, अत्ते म्हणाली मीठ न्हाई. म्हटलं असेल, परत मीठ चोळलं, वाळवलं, दिला. मीठ न्हाई. परत चोळलं. तिनं ताटली भिरकावली, म्हणाली तू मुद्दाम करतेस, तुला घाण वाटती, आता विचारणारा गेला म्हणून मला सडकं खायला घालतेस. एवढी वर्षं हात घालून हे ऐकायचं? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. शेजारी कुणाला चाखायला द्यावं तर बोंब बीदीभर, म्हातारीची चव गेली म्हणून.

स्वयंपाकघरात गेले, माळ काढली, विठ्ठलाच्या फोटोपुढं ठेवली, डोळे मिटले आणि एक तुकडा तोंडात घातला. छी छी छी. मीठ म्हणजे काय, जीभ सोलून निघाली, आणि मागनं तो खवट, तेलकट, कुजका… मोरीत जाऊन सगळं ओकले.

चूळ भरली, आत गेले आणि म्हटलं, अत्ते, बरोबर हाय तुमचं, मीठ कमीच पडलंय. मग, म्हणाली ती, शिंप्याच्या पोरीला काय कळणार. आणि हसली, बोळकं उघडून.

बायका अजून येत्यात ताटल्या घेऊन. अत्ते आतनं सगळ्यांना एकच सांगणार, मीठ न्हाई. म्हणून मी आधी चुलीपाशी त्यातलं चिमूटभर तोंडात घालते, खरं काय ते दारात जाऊन त्या बायकांना सांगते, म्हणते अत्तेनं सांगितलंय. मग मोरीत जाते. माळ देवापुढंच हाय, कुठल्या तोंडानं घालू. देवा, म्हातारीला उदंड आयुष्य दे म्हणावं तर रोज ही घाण माझ्या नशिबी, आणि ने तिला असं म्हणावं, तर ते काही मला म्हणवत न्हाई.